फोनची झडती

माझा फोन भरला होता, हे खोटं नाही. सकाळी उघडला की आधी जागा संपल्याचं रडगाणं, मग बाकीचं. आमची लेक कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. तिनं नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला, आणि तिचं निम्मं बिऱ्हाड त्यातच राहून गेलं. तोंड गोरं करणारा कॅमेरा होता. पावलं मोजणारं ॲप होतं. मी दिवसभर घर ते गोठा आणि गोठा ते रान करते, मला चालायला शिकवणारं ते कोण? पत्त्यांचा डाव होता, तो कुणी घातला देव जाणे. फोनला स्वतःचा उजेड असताना उजेडाचं वेगळं ॲप होतं. वर नात्यागोत्यातल्या सगळ्यांची शुभ सकाळ, गुलाबाच्या फुलासकट. म्हशीला रेडकू झालं त्या दिवशी लेकीला दाखवायला फोटो काढायला गेले, तर फोननं जागा नाही म्हणून हात वर केले. तेव्हा सफाई व्हायला हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती झाडू कुणाच्या हातात होता आणि त्याच्याखाली काय गेलं, याबद्दल.

हे, म्हणजे आमचे मालक, फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीवर घरी आले. आमच्या गावात त्याचं नवल नाही, घराआड एक फौजी आहे. माझं लग्न झालं तेव्हा हे शिपाई होते, आणि तिथून पुढं माझा संसार सुट्टीतला. हे यायचे, ट्रंक उघडायचे, सगळ्यांना काहीबाही द्यायचे, आणि गावाच्या भेटीगाठी उरकेपर्यंत ट्रंक पुन्हा भरायची वेळ व्हायची. मधल्या काळात सासऱ्यांचं आजारपण, लेकीची शाळा, उसाची लागण, म्हशीचं वेत, सगळं माझ्या गळ्यात. कौतुक करून घ्यायला हे सांगत नाही. त्या गळ्यात पडलेल्या गोष्टींतली एक मला मनापासून आवडायला लागली होती, ती म्हणजे विहीर.

विहीर भावकीची, चार घरांत सामाईक. माझ्या लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत एकही उन्हाळा तिच्यावरच्या भांडणावाचून गेला नाही. कुणी पाळी संपली तरी मोटर बंद करायचा नाही, कुणी दुसऱ्याच्या रानाकडं जाणारा दांड फोडून पाणी आपल्या रानात वळवायचा. एकदा तर खोरी उगारली गेली. तेव्हा भावकीतले थोरले चुलत सासरे, जे आता नाहीत, त्यांनी सगळ्यांना विहिरीवर बसवलं आणि म्हणाले, "पाण्याच्या पाळ्या आजपासनं फौजीची बायकू बघंल. ती कवठे म्हांकाळाकडची हाय, टँकरमागं पळून मोटी झालीया. पाणी म्हंजे काय ते तिला ठावं हाय. आन् तिचा नवरा हितं न्हाई, तवा तिला कुणाची बाजू घ्यायची न्हाई."

माझं माहेर खरंच कवठे महांकाळ तालुक्यातलं. तिथं आम्ही भांडी विसळलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला घालायचो आणि पाहुणा आला तर तांब्या अर्धाच भरायचो. मला सातारा जिल्ह्यात दिलं तेव्हा माझ्या आईनं सगळ्या आळीला सांगितलं होतं की पोरीला पाण्याचं गाव मिळालं. त्यामुळं थोरल्यांचा शब्द मी डोक्यावर घेतला. आधी चालत जाऊन मोटर चालू-बंद करायची. पुढं चौघांनी मिळून स्टार्टरला सिमकार्डाची पेटी बसवली आणि तिच्यात नंबर माझा घातला. लाइट आली की माझ्या फोनवर कळायचं. फोनवरूनच मोटर चालू, फोनवरूनच बंद. भावकीचा ग्रुप निघाला, त्यात संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाच्या पाळ्या टाकायच्या. ग्रुपमध्ये सगळी बापईमाणसं, बायका आम्ही दोघीच. एक मी, आणि दुसरी माझी धाकटी चुलत जाऊ. तिचा नवरा आजारपणात गेला आणि रान तिच्या एकटीवर आलं.

त्या जावेचा वाटा सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या कडेला. मोटर सुरू झाल्यावर पाणी तिच्यापर्यंत पोचायच्या आधी निम्मं दांडातच मुरतं. वेळ मोटर सुरू झाल्यापासून धरली, तर तिच्या वाफ्यात पाणी शिरतं न शिरतं तोच पाळी संपते. म्हणून मी तिची पाळी पाणी वाफ्याला लागल्यापासून धरायची. ती ग्रुपवर एकच शब्द टाकायची, 'लागलं', की तिथून माझं घड्याळ सुरू. कुणाच्या पाळीत लाइट गेली तर राहिलेलं पाणी दुसऱ्या दिवशी आधी त्याला. यावर कुरकुर व्हायची. वैनी तिचं लय बघती, असं मागं बोललं जायचं आणि ते फिरून माझ्या कानावर यायचं. पण खोरं पुन्हा कुणी उगारलं नाही. रानातून जाता-येता माणसं थांबून विचारायची, "वैनी, उद्या आमचं कवा?" त्या विचारण्याची मला चटक लागली होती म्हणा. एरवी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. तेवढ्या एका प्रश्नात मी नुसती मी होते.

हे आले तेव्हा हार झाले, गुलाल झाला, जीपमधून मिरवणूक झाली. पहिले काही आठवडे पाहुण्यारावळ्यांत गेले. मग ह्यांना वेळ मिळाला, आणि रिकामा वेळ मिळालेला फौजी घरात फार वाईट. फौजेत एक पद्धत असते म्हणे. आपलं सगळं सामान चादरीवर मांडायचं, साहेब येतो, एकेक वस्तू उचलून बघतो, फालतू असेल ते बाजूला फेकतो. ह्यांनी आधी माळा उपसला. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या. मग गोठ्यातले दोर आणि दावी. मी सोसलं, कारण माळ्यावर खरंच उंदीर झाले होते. मग एका रविवारी फोनच्या नावानं मी बोटं मोडत होते, ते ह्यांनी ऐकलं.

"आण हिकडं," हे म्हणाले.

पलंगावर टॉवेल अंथरला, त्यावर फोन ठेवला, चष्मा लावला आणि मला समोर उभं केलं. खरंच उभं केलं. मी बसायला गेले तर हातानं थांबवलं.

"ह्ये काय?"

"पावलं मोजतंय."

"कुणाची?"

"माजी."

"कशाला? परेडला जायचंय?" आणि गेलं ते.

तोवर मला मजा वाटत होती. गोरं करणारा कॅमेरा गेला, पत्ते गेले, उजेड गेला. हे चिन्हावर बोट दाबून धरायचे आणि ते नाहीसं झालं की "डिसमिस" म्हणायचे. फौजेत ह्यांना फोनबद्दल कडक हुकूम होते. हे ॲप काढा, तो ग्रुप सोडा, अनोळखी नंबर असेल तिथं राहू नका. हुकूम सुटले तरी सवय सुटली नव्हती. तेवढ्यात दूध उतू जायचा वास आला म्हणून मी आत पळाले. दुधानंतर भाकरी होत्याच. त्या थापून बाहेर आले तोवर झडती संपली होती आणि हे चष्मा पुसत बसले होते.

फोन हातात घेतला तर सगळा मोकळा. मोटरचं ॲप दिसेना.

"आवं, मोटरचं कुटं गेलं?"

"काढलं. आता मी हाय की. मोटर मी बघणार. तुला कशाला ताप?"

"आन् भावकीचा ग्रुप?"

"ग्रुप सगळं सोडलं. दिसभर टिंग टिंग. लेकीचा आन् तुज्या भैनींचा ठेवलाय."

"भावकीचा सोडायचा न्हवता."

"भावकी काय पळून जातीया? शेजारीच राहातीया," हे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

ह्यांनी भावकी पाहिली होती ती सुट्टीतली, चहाला बोलावणारी आणि बाटलीची वाट बघणारी. ह्यांना बाकीचं ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. शहरात लोक ग्रुप सोडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडं भावकीचा ग्रुप सोडणं म्हणजे उंबरा सोडणं. गावातल्या दुसऱ्या एका भावकीत बांधावरून वाजलं, तेव्हा एकानं आधी ग्रुप सोडला, मग एकमेकांच्या दारात जाणं सुटलं, आणि शेवटी मयतीला खांदा द्यायलाही तो आला नाही. तेव्हापासून ग्रुप सोडला की आमचं तुमचं संपलं, असा अर्थ गावात पक्का झालेला आहे. आमच्या ग्रुपचे दुसरे ॲडमिन म्हणजे माझे मधले चुलत दीर. मी बाहेर पडल्याचं त्यांना दिसलं आणि दुपारच्या चहाच्या आत ते बाकीच्या घरांत पोचलं. नवरा पेन्शनीवर आला, हातात पैसा आला, आता हिला भावकी नको झाली, असं ठरलंही.

मी लेकीला फोन करून विचारलं की परत आत कसं जायचं. ती म्हणाली, ॲडमिनला घ्यायला सांग. म्हणजे ज्यांना राग आला त्यांच्याच पाया पडायचं. गेले. दीर दारात आरसा मांडून दाढी करत बसले होते. मी म्हटलं, चुकून झालं, मला परत घ्या. "बघतो वैनी, येळ झाला की," म्हणाले आणि गालाला फेस लावत राहिले. एरवी त्यांनी आधी बसा म्हटलं असतं आणि आत चहाची ऑर्डर सोडली असती.

पाळ्या मागच्याच क्रमानं चालल्या होत्या आणि मोटर लावायला हे विहिरीवर चालत जात होते, तोवर दिरांच्या नातवाचं बारसं आलं. आमच्याकडं आवतणाचे प्रकार असतात. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्या घरानं जेवायला यायचं. भावकीला नेहमी तेच. घरटी एक माणूस, हे बाकीच्या गावाला. आम्हाला घरटी एक आलं. हे टोपी घालून एकटे जाऊन जेवून आले आणि म्हणाले, जिलबी झकास होती. ज्या घरी बारशाला पाळण्याला पहिला हात माझा लागायचा, त्या घरच्या पाळण्याची गाणी मी आमच्या परसात उभी राहून ऐकली. मग पिठलं केलं आणि खाताना मला रडू आलं. हे घोरत होते.

शेवटी मीच ह्यांना उलगडून सांगितलं की जिलबी कसली होती. हे हादरले. ह्यांना भांडणाची भीती नाही, पण मान जायची फार. लगेच भावकीला चहाला बोलावलं. पुढच्या सोप्यात सगळे बसले. मी आत चहा गाळत होते आणि भिंतीआडून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मधले दीर म्हणाले, "सुभेदार, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. वैनींनी न सांगता ग्रुप सोडला."

हे हसले. "आरं, ती काय सोडतीया! फोन भरला हुता, साफ कराय बसली. कुटंतरी बोट लागलं तिचं. बाईमाणसाला कळतंय काय त्यातलं?"

गाळणी माझ्या हातात तशीच राहिली. बाहेर सगळे हसले, मोठ्यानं, ओझं उतरल्यासारखे. एवढंच व्हय, आमी म्हटलं काय झालं आन् काय न्हाई. आणि त्या हसण्यातच दिरांनी पुढचं ठरवून टाकलं. आता सुभेदार घरी आहेत, बाईमाणसाला कशाला ताप, ग्रुपवर वैनींच्या जागी सुभेदारांना घेऊ, मोटर त्यांच्या नंबरावर घालू आणि पाळ्या तेच बघतील. व्हय व्हय झालं. जाऊ उंबऱ्यापाशी बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. मी चहाचं ताट घेऊन बाहेर गेले तेव्हा माझी विहीर गेलेली होती.

मी तिथंच का बोलले नाही, असं लेक मला अजून विचारते. भरल्या सोप्यात नवऱ्याला खोटं पाडलं असतं तर लोकांनी माझं खरं मानलंही असतं कदाचित, पण पुढं त्या सोप्यात मला कुणी बसू दिलं नसतं. तिला हे पटत नाही. ती सांगलीत राहते.

माणसं गेल्यावर मात्र मी बोलले.

"मी दाबलं?"

"अगं, चार मानसांत काय सांगणार? मी सोडला म्हटलं आसतं तर मलाच इचारलं आसतं, का म्हणून."

"मंजी माजं नाव घातलं की कुणी इचारत न्हाई."

"वाढ आता. मिटलं न्हवं?"

ह्यांच्या बाजूनं मिटलंच होतं.

ह्यांनी पाळ्यांचा तक्ता केला. वार, वेळ, घर, सगळं ठरलेलं. तो ग्रुपवर पडला तेव्हा वाहवा झाली. आता आमच्याकडं शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री, आणि आली तरी मध्येच केव्हा जाईल ते तिचं तिलाच माहीत. तक्त्याला हे सांगणार कोण? पहिल्याच आठवड्यात कुणाची पाळी कोरडी गेली आणि कुणाच्या उसात पाणी तुंबलं. ह्यांचा फोन सकाळपासून वाजायला लागला. हे पलंगावर बसून एकेकाला नियम समजावायचे, उंटावरून शेळ्या हाकायचे. ज्या टिंग टिंगपायी माझा फोन मोकळा केला, ती आता ह्यांच्या खिशात वाजत होती. मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी भांडी घासत ऐकायची आणि मनात म्हणायची, वाजू दे.

माझं हे सुख फार टिकलं नाही. वैरणीला ओढ्याकडं गेले तर जावेची वांगी दिसली. फुलावर आलेली झाडं, आणि पानं खाली लोंबत होती, भर सकाळी. दुपारच्या उन्हानं सुकलेलं झाड संध्याकाळी सावरतं. सकाळी सुकलेल्याला पाणीच मिळालेलं नसतं. जाऊ ओढ्यातल्या डबक्यातून घागर भरून आणत होती आणि एकेका बुडात ओतत होती. तिची कंबर मुळात अधू आहे.

"ग्रुपवर का टाकलं न्हाईस?" मी विचारलं.

"कसं टाकू आक्का? सगळी बापईमाणसं. तुमी हुता तवा येगळं हुतं."

"मी न्हाई सोडला ग्रुप."

"व्हय, भावजी म्हणालं की, बोट लागलं म्हणून." ती घागर टेकवून उभी राहिली. "पर मला आपलं वाटलं, मानसं तसंच म्हणत्यात. माज्या त्या रोजच्या 'लागलं'ला कटाळला आसाल."

ती रागानं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं, आणि ते मनात धरून ती इतके दिवस घागरी वाहत होती. तिचा आठवडी बाजार त्या वांग्यांवर, आणि घर त्या बाजारावर. मी वैरणीचा भारा तिथंच टाकला आणि तिच्याबरोबर घागरी ओतल्या, पण घागरीनं वांगी जगत नाहीत हे दोघींनाही कळत होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नियम सगळ्यांस्नी सारका. एकीला सवलत दिली की सगळी मागत्यात."

"सवलत न्हाई. तिचं पाणी दांड पितोय. तिच्या वाफ्यात कायबी जात न्हाई."

"मग तिनं बोलायला पायजे हुतं. तोंड दिलंय न्हवं देवानं?"

त्याच संध्याकाळी ह्यांचा फोन वाजून वाजून ह्यांचंच डोकं उठलं आणि ह्यांनी तो माझ्याकडं सरकवला. "बघ गं जरा. काय लिवायचं ते लिव. माजं डोळं दुखाय लागल्यात." याआधीही सरकवला होता. तेव्हा मी, "तुमचा नंबर, तुमी बघा," म्हणून भाकरी थापत राहिले होते, आणि तेव्हाची मी मला अजूनही जास्त आवडते. पण त्या दिवशी ती लोंबलेली पानं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. हात पुसले आणि फोन घेतला. लाइट केव्हा येणार ते बघितलं, कुणाचं किती पाणी राहिलंय ते मनात जुळवलं आणि पाळ्या लिहिल्या, मी लिहायची तशाच. खाली लिहिलं, शेवटच्या वाट्याची पाळी पाणी वाफ्याला लागल्यापासून धरली जाईल.

हीच पद्धत मी वर्षानुवर्षं याच लोकांत चालवली आणि प्रत्येक उन्हाळ्यात कुरकुर ऐकली. आता मेसेज पडतो न पडतो तोच अंगठे आले. मधल्या दिरांनी लिहिलं, साहेब, याला म्हणायचं न्याय. ह्यांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून तेही मीच वाचून दाखवलं. ह्यांनी मान डोलावली आणि आणखी काय म्हणतात ते विचारलं. मला ह्यांचा, दिरांचा, त्या अंगठ्यांचा असा संताप आला की तो फोन नेऊन विहिरीत फेकावा. फेकून कुणाच्या वाफ्यात पाणी जाणार होतं? मी तो चार्जिंगला लावला.

तेव्हापासून हे असंच चाललंय. माझ्या फोनमध्ये आता जागाच जागा आहे, रेडकाचे हवे तेवढे फोटो बसतील. तो दिवसातून एकदा वाजतो, डबा निघाला का म्हणून रानातून ह्यांचा, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, कारण ह्यांचा फोन घरी माझ्यापाशीच असतो. आणि ह्यांच्या फोनवर मी पाळ्या टाकते, मोटर चालू करते, बंद करते, जाऊ 'लागलं' म्हणाली की घड्याळ बघते. गावात सुभेदारांच्या शिस्तीचं नाव झालंय. पलीकडच्या वस्तीवरची माणसं त्यांची विहीर कशी चालवावी ते विचारायला येतात. हे सांगतात, मी चहा करते. मधले दीर आता चूलबंद आवतण देतात. देताना हसून म्हणतात, "वैनी, फोन जरा जपून हाताळा." लेक आली की चिडते. म्हणते, एकदा सगळ्यांच्या देखत फोन पप्पांच्या हातात दे आणि म्हण, लिवा आता. मलाही ते करावंसं वाटतं. रोज वाटतं.

ते नाही तर नाही, निदान जावेला तरी कळावं, असं मी मनाशी धरलं होतं. बाकी गावानं काहीही समजावं. ज्या बाईसाठी गिळलं, तिला माहीत असलं की मला पुरे होतं. कधी सांगावं एवढंच ठरत नव्हतं. आणि परवा तीच पाटी भरून वांगी घेऊन आली. काटेरी देठाची, तुकतुकीत. बाजाराला न्यायच्या आधीचा तोडा तिनं आमच्याकडं आणला होता. हे घरी नव्हते. मनात म्हटलं, आता सांगायचं.

"ही भावजींस्नी," ती पाटी उतरवत म्हणाली. "त्यांच्यापायी जगली बगा. पयलं थोडं दिस गोंधळ झाला, मग त्यांच्या ध्यानात आलं."

"कसं आलं आसंल गं त्यांच्या ध्यानात?" मी विचारलं. मला ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"फौजेतली मानसं. न बोलता वळखत्यात." ती पायरीवर टेकली. "सांजचं फोनवर त्यांचा तो टोपीतला फोटू आला की मला धीर येतोय आक्का. तुमी बघत हुता तवाबी पाणी मिळायचं, न्हाई म्हणत न्हाई. पर तवा सगळी कुरकुरायची. चोरून घेतल्यावानी वाटायचं मला. आता साहेबांनीच दिलंय म्हटल्यावर कुणाची टाप न्हाई. मान वर करून दांडावर हुबी राहाते."

ती खरं बोलत होती. सांगितलं असतं, तर तिला पुन्हा माझ्याच हातचं पाणी घ्यावं लागलं असतं, खाली मान घालून. तोंडापर्यंत आलेलं मी मागं घेतलं. वांगी सुपात ओतली, रिकामी पाटी परत देऊ नये म्हणून तीत मूठभर तांदूळ टाकले आणि म्हटलं, "सांगते त्यास्नी."

संध्याकाळी सांगितलं. हे भरल्या वांग्याचा रस्सा भाकरीनं निपटत होते.

"बघ," म्हणाले. "आन् तू उगाच तिची काळजी करत हुतीस."

मग हात धुतले, टॉवेलला पुसले आणि उद्याच्या पाळ्या टाकायला फोन माझ्यापुढं ठेवला.